केसांची साठ पानं: एलन गॅलगर, छापकला आणि आपण

मृण्मयी_के
एलन गॅलगर या अमेरिकन कलाकाराचं 'डीलक्स' हे छापकलेतलं (प्रिंटमेकिंगमधलं) फार मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे. मराठीत त्यावर कुठे चर्चा झालेली माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हा धागा काढतेय.

गॅलगर 1965 ची, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सची. वडिलांकडची मुळं केप व्हर्दे बेटांत, आईकडची आयर्लंडात. 2004-05 मध्ये न्यूयॉर्कच्या टू पाम्स या छापशाळेबरोबर तिने साठ छापांचा हा संच केला. भिंतीवर तो बारा-बाराच्या पाच ओळींत लावतात. 'एबनी', 'सेपिया', 'अवर वर्ल्ड' ही कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणारी मासिकं. त्यांत विगांच्या, केस सरळ करणाऱ्या मलमांच्या, कातडी उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिराती असत. गॅलगरने ती पानं फोटोग्रॅव्यूरने, म्हणजे फोटो तांब्याच्या पत्र्यावर कोरून, छापली आणि त्यातल्या बायकांच्या डोक्यावर पिवळ्या प्लास्टिसिनचे केस चढवले, लहान मुलं खेळतात तीच माती. काही चेहऱ्यांचे डोळे कापून काढलेत, काहींवर बाहुलीचे डोळे चिकटवलेत. साहित्यात मखमल आहे, सोन्याचा वर्ख आहे, आणि पोमेड आहे, म्हणजे केसांना चोपडायचं तेच वंगण ज्याच्या जाहिराती त्या मासिकांत यायच्या.

2013 मध्ये टेट मॉडर्नला तिचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे मी हे काम पाहिलं. फोटोत सगळं सपाट दिसतं. समोर उभं राहिलं की प्लास्टिसिनवर कोरलेल्या रेघा दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या, आणि त्या केसांची कागदावर पडलेली सावलीसुद्धा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिने हे सरळ रंगवलं का नाही, छापच का? आणि आपल्या केसांबद्दल असं काम करायचं ठरवलं, तर तुम्ही कुठला छापील कागद हातात घ्याल?

जुई_म
छान धागा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. माझा कागद म्हणजे शाळेची डायरी. 'मुलींनी तेल लावून, घट्ट दोन वेण्या घालून, काळ्या रिबिनी बांधून यावे.' माझे केस कुरळे आणि दाट. कितीही तेल चोपडलं तरी दुसऱ्या तासाला कपाळावर बटा. बाई रोज वर्गाबाहेर उभं करायच्या. आजी म्हणायची, हिची वेणी घालायची तर एक कंगवा नि दोन माणसं लागतात! घरी त्यावर सगळे हसायचो, शाळेत मात्र हसू यायचं नाही.

शशांक_पेठकर
चित्रं पाहिली. प्रामाणिक मत: कल्पना चांगली आहे, पण साठ पानं बघताना तोचतोचपणा येतो. केस हा एवढा मोठा विषय आहे का? वर्णभेदाचे मतदान, घरं, नोकऱ्या असे कितीतरी गंभीर प्रश्न असताना विग?

मृण्मयी_के
@शशांक, केस आणि नोकरी हे दोन वेगळे विषय राहिलेलेच नाहीत तिकडे. केसांच्या पोतावरून, वेण्यांवरून कामावर किंवा शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला. त्याआधी 'नीटनेटके केस' या नावाखाली माणसं खुशाल काढून टाकली जात होती. आणि मागे जायचं तर 1786 मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने, एस्तेबान मिरोने, स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस फडक्याखाली झाकायचा हुकूम काढला होता. त्या बायकांनी इतकी झोकदार, रंगीत फडकी बांधली की हुकुमाचा हेतूच बारगळला.

शिळाप्रेस
मी छापकलेतला आहे, मुंबईत शिकलो, आता पुण्यात काम करतो. 'छापच का' याला माझ्यापरीने उत्तर देतो.

फोटोग्रॅव्यूरमध्ये तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील जिलेटिन चढवतात. त्यावर प्रतिमा उतरवली की फेरिक क्लोराइड जिलेटिनमधून झिरपतं आणि पत्र्याला कमी-जास्त खोल खातं. मग शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने पुसायची. भिजवलेला कागद वर ठेवून रूळाखालून काढला की खळग्यातली शाई कागद ओढून घेतो. म्हणजे मासिकाच्या छपाईत जो चेहरा एका झटक्यात हजारो प्रतींत उतरला, त्याच चेहऱ्यावर इथे दर प्रतीला कुणीतरी हात फिरवून शाई पुसलेली आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जाहिरातवाल्यांनी त्या बाईकडे एवढा वेळ पाहिलंच नव्हतं.

दुसरं, केस कसे असावेत हे त्या बायकांना कुणी सांगितलं? छापील कागदाने. दर महिन्याला, घरोघर. मग त्याला उत्तरही छापील कागदानेच द्यायचं, त्याच आकारात, तशाच ढिगाने. @शशांक, तुम्हाला जो तोचतोचपणा वाटला तो तिने मुद्दाम ठेवलाय. एका विगवालीचं एकच चित्र काढलं असतं तर ते व्यक्तिचित्र झालं असतं. साठ लावल्यावर बाजार दिसतो.

शशांक_पेठकर
हे पटलं. बाजार दिसतो, खरंय. पुन्हा बघतो.

अटलांटाकर
आम्ही जॉर्जियात राहतो. इथे ब्यूटी सप्लायची दुकानं असतात, त्यात भिंतभर केसांच्या जुड्या टांगलेल्या. पाकिटावर 'इंडियन' लिहिलेलं. शेजारीण माझी मैत्रीण आहे, कृष्णवर्णीय. तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा तिने एक जुडी माझ्या वेणीला लावून बघितली आणि म्हणाली, हे तुझ्या गावचं! दोघी हसलो. पण मग तिने विचारलं की हे येतं कुठून, आणि मी तिला तिरुपतीबद्दल सांगत बसले. नवस फेडायला मुंडण करणाऱ्या बाया, देवस्थान करतं तो केसांचा लिलाव, मग निर्यातदार. तिला देवाचं ऐकून धक्का बसला. त्या बायकांना काय मिळतं, हा तिचा पुढचा प्रश्न. पैसे नाही मिळत, त्या केस देवाला देतात, एवढंच सांगू शकले.

गॅलगरच्या पानांवरचे विग बघताना मला हीच साखळी आठवते. तिकडच्या बाईची केसांबद्दलची घालमेल आणि इकडच्या बाईचा नवस एकाच पाकिटात बंद आहेत.

वैद्यकाका
तिरुपतीचा विषय निघालाच आहे तर: 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यूंमध्ये यावरून मोठी खळबळ झाली होती. त्यांच्यातल्या विवाहित बायका विग घालतात. भारतीय केस मूर्तीला वाहिलेले असतात म्हणून ते वर्ज्य, असा धर्मनिर्णय आला आणि ब्रुकलिनमध्ये लोकांनी रस्त्यावर विग जाळले. केस एकच, पण एकीची भक्ती, दुसरीची फॅशन आणि तिसरीचा अधर्म.

रेवती_सांगली
आमच्याकडे गुंतवळ साठवायची पद्धत होती. आई केस विंचरून झाले की कंगव्यातलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून छोटी गुंडी करायची आणि न्हाणीघराच्या भिंतीतल्या भोकात सारायची. 'केसावर भांडी' ओरडत बाई आली की पिशवी बाहेर यायची. ती बाई मूठभर केस हातात तोलायची, लांबी बघायला एक-दोन ओढून काढायची, पांढरे जास्त असले की तोंड वाकडं करायची. आई दोन वाट्या मागायची, मिळायची एक चहाची गाळणी. त्या गुंतवळाचंच पुढे गंगावन व्हायचं, ते लग्नसराईत दुसऱ्या कुणाच्या तरी खोप्यात.

जुई_म
@रेवती, हे वाचून आमच्या माडीवरचं भोक आठवलं! आमच्याकडे फुगेवाला यायचा केसांवर फुगे द्यायला. मी फुग्यासाठी स्वतःच्या वेणीचं टोक कापायला निघाले होते, मावशीने वेळेत कात्री काढून घेतली.

तन्मय_डोंबिवली
पुरुषांनी इथे लिहिलं तर चालेल ना? माझा कागद म्हणजे सलूनमधला तक्ता. एका ओळीत सहा-सहा डोकी, सगळी गोरी, सगळ्यांचे केस सरळ आणि भांग पाडलेला. पाठीमागून न्हावीकाका विचारायचे, कुठला? त्यातला एकही माझ्या डोक्यावर बसणार नाही हे त्यांनाही माहीत. त्या तक्त्यातली सगळी डोकी पुसून आमच्या चाळीतली डोकी छापायला मला आवडेल.

शिळाप्रेस
@तन्मय, हे खरंच कर. स्क्रीन प्रिंटने अगदी सहज होईल.

अनुजा_कर्वेनगर
मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. जाहिरातींनी बायकांना दाबलं, एवढंच म्हणून थांबलो तर तो अन्याय होईल. मादाम सी. जे. वॉकर बघा. सारा ब्रीडलव्ह हे मूळ नाव, जन्म 1867, लुइझियाना. आईवडील गुलामीतून सुटलेले. तिचे स्वतःचे केस गळत होते, त्यातून तिने केसांचं मलम विकायला सुरुवात केली. 1910 मध्ये इंडियानापोलिसला बस्तान हलवलं आणि तिथे कारखाना काढला. हजारो कृष्णवर्णीय बायकांना तिने विक्रीचं प्रशिक्षण दिलं. त्या काळात त्यांच्यापुढे दुसरं काम काय होतं? गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी किंवा शेतमजुरी. 1919 मध्ये ती गेली तेव्हा ती देशातल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय उद्योजिकांपैकी होती. तिच्या जाहिरातींत तिचाच फोटो असायचा, वापरण्याआधीचा आणि नंतरचा. त्या बाईने आपलंच डोकं पुराव्यादाखल छापलं.

म्हणून गॅलगरची पानं मला निव्वळ निषेधाची वाटत नाहीत. तिला त्या जाहिरातींतली कल्पकता आवडते हे दिसतं. ते पिवळे केस कुरूप नाहीत, काही तर मुकुटासारखे आहेत.

मृण्मयी_के
अनुजा, मनापासून सहमत. राग असता तर तिने चेहरे फाडले असते, इथे ती त्यांना सजवत बसलीय.

याच वाटेवरचं आणखी एक काम सांगते: लोर्ना सिम्प्सनचं 'विग्ज', 1994. ब्रुकलिनची ही कलाकार मुख्यतः छायाचित्रांसाठी ओळखली जाते. या कामात फेल्टच्या तुकड्यांवर लिथोग्राफीने छापलेले नुसते विग आहेत, माणूस एकही नाही. मध्ये मध्ये मजकुराचे लहान फेल्ट. वस्तुसंग्रहालयातल्या नमुन्यांसारखे एकेक विग सुटे मांडलेत. फेल्ट स्वतःच दाबलेल्या लोकरीचं, म्हणजे केसांवर केस छापलेत. आणि टेनेसी विद्यापीठात शिकवणारी अल्थिया मर्फी-प्राइस ही तर पूर्णवेळ छापकलाकार, केस हाच तिचा विषय.

गजानन_ल
आपल्याकडे छापील कागद म्हणाल तर रविवर्मा छापखाना! 1894 साली गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी चौकटीत बसल्या. लांब, मोकळे, कमरेपर्यंतचे केस, गोरा रंग. सुंदर बाईची व्याख्या तिथेच छापली गेली. सरळ, लांबसडक केसांचं वेड तिथून आलं असं मला वाटतं.

शिळाप्रेस
गजाननराव, अर्धं मान्य. लांबीचं वेड त्या छापांनी पक्कं केलं हे खरं, पण सरळपणाचं नाही. भिंगाखाली एखादी जुनी लक्ष्मी धरून बघा. तिचे केस लाटालाटांचे आहेत, खांद्याजवळ तर चक्क वळतात. छपाईच्या दगडी शिळेवर तेलकट खडूने बारीक ठिपके देत तो लाटांचा काळेपणा चढवलेला असतो, एकेका रंगासाठी एकेक शिळा. सरळ, चमकदार, पाण्यासारखे पडणारे केस ही टीव्हीवरच्या शाम्पूच्या जाहिरातींची देणगी. पार्लरमधली स्मूदनिंग, केराटिन, हे सगळं त्यानंतरचं. आपल्या पणज्यांना कुरळे केस लपवायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना केस बांधायला सांगितलं होतं.

अनुजा_कर्वेनगर
आणि विधवा झाल्या तर उतरवायला. केशवपन या धाग्यात आलंच पाहिजे. नवरा गेला की न्हावी बोलावून त्या पोरीचं डोकं भादरायचं, तेही महिन्या-महिन्याने, आयुष्यभर. काही तर दहा-बारा वर्षांच्या. लाल आलवण आणि वपन केलेलं डोकं, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की ही कोण. केस आणि ओळख म्हणतो ना, ती अशी दुसऱ्याने लादलेली ओळख.

1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं वपन करायला नकार दिला. लोखंडे 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक, म्हणजे पुन्हा छापील कागद आलाच. मला या घटनेचं फार कौतुक वाटतं. सुधारकांनी लेख लिहिले, भाषणं दिली, पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला. आणि हे जातीच्या उतरंडीत आपल्यावर बसलेल्यांचं काम नाकारणं होतं, पोटावर पाय येण्याची भीती असताना. मला संच करायचा असेल तर माझं पहिलं पान हेच.

कोमल_दौंड
मी वाचत होते, लिहावं की नाही कळत नव्हतं. आमच्या भागात अजूनही बायकांना जट येते. येते म्हणजे केस विंचरले-धुतले गेले नाहीत, गुंता झाला, की देवीची जट म्हणून तो सोडवायचाच नाही. माझ्या चुलत आजीची जट गुडघ्यापर्यंत होती. मानेला ओझं, झोपताना ती उशाशी वेगळी ठेवायची. कापली तर घरावर कोप होईल ही भीती. शेवटी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या ताई घरी आल्या, चार वेळा नुसत्या बोलून गेल्या, मग तिची तयारी झाल्यावर कापली. कापल्यावर आजी मान डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिली. मग म्हणाली, चहा टाका.

निनाद_व्ही
कोमल, लिहिलंत ते फार बरं केलंत. पण जट आणि ड्रेडलॉक एकच ना? तिकडे ते अभिमानाने मिरवतात, आपण कापतो. हाही आपला न्यूनगंड नाही का?

कोमल_दौंड
नाही. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांनी 1930 च्या दशकानंतर ते केस स्वतः ठरवून वाढवले, त्यामागे त्यांचा विचार होता. माझ्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. दिसायला सारखे म्हणून एक कसे? आणि जट आली की किती मुली देवीला सोडल्या गेल्या, तो हिशोब कुठे मांडायचा? ज्याला वाढवायचे त्याने खुशाल वाढवावेत, माझं काही म्हणणं नाही.

अटलांटाकर
कोमलला अनुमोदन. इथली शेजारीण तिचे लॉक्स, म्हणजे ड्रेडलॉक, दर काही आठवड्यांनी सलूनमध्ये जाऊन धुऊन, मुळाशी पिळून घेते. त्यात निगा आहे, खर्च आहे, हौस आहे. केस तेच, पण निर्णय कुणाचा हे बघायला हवं.

वैद्यकाका
अवांतर: जंजिऱ्याच्या सिद्दींचे वंशज आजही कोकणात आहेत, नगरच्या निजामशाहीत मलिक अंबर झाला. आफ्रिकेतून आलेले केस महाराष्ट्राला चारशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत. तरी आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'आपण सारे'च्या चित्रात तसं एकही डोकं मला आठवत नाही.

तन्मय_डोंबिवली
काका, माझ्या तक्त्यात एक डोकं तिथलं असेल.

जुई_म
@शिळाप्रेस, एक सांगाल का? खऱ्या केसांचा छाप घेता येतो का? रेवतीताईंचं गुंतवळ वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. कंगव्यातले केस टाकवत नाहीयेत.

शिळाप्रेस
येतो, आणि फार सुंदर येतो. सॉफ्ट ग्राउंड एचिंग म्हणतात. पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यात चरबी मिसळलेली असते, म्हणून तो मऊ राहतो. त्यावर केस हवे तसे पसरायचे, वर पातळ कागद ठेवायचा आणि हलक्या दाबाने रूळाखालून काढायचा. कागद उचलून चिमट्याने केस सोडवले की जिथे केस होता तिथलं मेण निघून येतं, खाली उघडा तांबा दिसतो. मग फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा सोडायचा.

तुमच्या केसांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सरळ केस पूर्ण लांबी पत्र्याला चिकटून पडतो, त्याची अखंड रेघ येते. कुरळा केस मध्ये मध्ये उचललेला राहतो, त्यामुळे रेघ तुटत-जाडावत जाते, कुठे नुसता ठिपका. दोन्ही शेजारी छापले तर कुरळ्याची रेघ जास्त जिवंत दिसते, हे मी पक्षपात न करता सांगतोय. केस आधी रिठ्याने किंवा साबणाने स्वच्छ धुवा, तेल राहिलं तर ते मेणाच्या थरात मिसळून कडा पुसट होतात. आणि छाप उलटा येतो हे ध्यानात ठेवा, डावीकडचा भांग उजवीकडे जाईल.

जुई_म
म्हणजे शाळेने जे तेल चोपडायला लावलं तेच इथे काढून टाकायचं! हे झालंच पाहिजे. डायरीचं पान फोटोग्रॅव्यूरने आणि त्याच्यावर माझ्या बटांचा सॉफ्ट ग्राउंड, असं एकाच कागदावर जमेल का?

शिळाप्रेस
दोन पत्रे लागतील, एकाच आकाराचे. कागद एकदा भिजवून दोन्ही लागोपाठ छापायचे, मध्ये वाळू द्यायचा नाही, वाळला तर आकसतो आणि जुळणी चुकते. डायरी आहे का अजून तुमच्याकडे?

जुई_म
आईच्या ट्रंकेत आहे. सातवीची. शेऱ्यांसकट.

मृण्मयी_के
जुई, शेऱ्याचं पान घे, नियमाचं नको. नियम सगळ्यांना छापून आला होता, शेरा बाईंनी तुझ्या केसांसाठी हाताने लिहिलाय. @शिळाप्रेस, एका पानावर थांबू नका. रेवतीची केसांवरची भांडी, तन्मयचा तक्ता, अनुजाचा 1890 चा वस्तरा, कोमलची हरकत नसेल तर आजीची जट, एवढी पानं याच धाग्यात तयार आहेत.

कोमल_दौंड
हरकत नाही. फक्त आजीचा चेहरा नको, आणि जट देव्हाऱ्यातल्यासारखी सजवू नका. ती ओझं होती, तशीच दिसू दे. बाकी आजीला विचारून सांगते.